मयेकरकाकांची बोटं

मयेकरकाका चहाचा कप कधी कानाने उचलत नसत. तळाखाली चार बोटं घालून उचलायचे आणि लगेच तोंडाला लावायचे नाहीत. दोन क्षण तसाच धरून ठेवायचे. मग "कढत आहे अजून" किंवा "हां, ऊन झाला" असा निकाल देऊन पहिला घोट घ्यायचे. गाडी गॅरेजमध्ये आली की बॉनेटला हात. घरात कुणी शिंकलं की त्याच्या कपाळाला हात. त्यांच्या लेखी जगात सातच पायऱ्या होत्या: थंडगार, गार, साधं, कोमट, ऊन, कढत आणि चटका.

त्यांचं कामही याच पायऱ्यांचं होतं. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, दातांचा दवाखाना आणि टॅक्सवाल्याचं ऑफिस यांच्या मधे बारा टेबलांचं एक जपानी रेस्टॉरंट आहे. तिथे आठवड्यातून तीन संध्याकाळी मयेकरकाका साके गरम करत. साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेली जपानी दारू. ती थंडही पितात, पण तिच्यातल्या काही जाती गरम झाल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, असं काका म्हणत. अरुंद मानेच्या छोट्या मातीच्या सुरईत ती ओतायची, सुरई गरम पाण्यात उभी करायची आणि नेमक्या क्षणी बाहेर काढायची. तो क्षण ओळखायचा सुरईच्या तळाला बोटं लावून. जुन्या जपानी खानावळींत या एकाच कामाला एक माणूस असे. आता जपानमध्येही तो फारसा उरलेला नाही. ट्रॉयमध्ये होता, आणि तो वेंगुर्ल्याचा भंडारी होता.

मी काका-काकूंच्या घरी वरच्या खोलीत तीन वर्षं भाड्याने राहिले. दारूशी माझं नातं सरळ होतं. मला ती नको होती. माझ्या ताटाजवळ नको होती, माझ्या गावात नको होती. माझी आई चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदीच्या चळवळीत होती. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. 'गुत्ता बंद झालाच पाहिजे' ही ओळ मला बाराखडीच्या आधी ओळखता यायची. खोली बघायला गेले त्या दिवशीच मी काकांना सांगून टाकलं की दारू असलेल्या टेबलावर मी जेवत नाही.

काकांनी जरा विचार केला. "बरं," म्हणाले. "मग तू आधी जेव. आम्ही नंतर पिऊ."

काकू आतून ओरडल्या, "आम्ही कोण? मी खय पितंय?"

"रवांदे गो," काका म्हणाले. राहू दे, या अर्थाचा हा शब्द ते दिवसातून वीसदा वापरत. भांडण संपवायला, बातम्या बंद करायला, उठता उठता गुडघा दुखला तरी.

तीसेक वर्षं ते मोटारींची कुलपं बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत क्वालिटीत होते. मोजमाप करणं हाच धंदा. कुलपाचा खटका अमुक इतक्या जोराने बसतो की नाही, पत्रा केसभर जाड आहे का, हे मीटरवर वाचायचं आणि लिहायचं. ट्रेनिंगसाठी कंपनीने त्यांना जपानमधल्या एका बर्फाळ गावी पाठवलं होतं. तिथल्या खानावळीतली म्हातारी साके गरम करायची आणि नुसती बोटं लावून सुरई पुढे ठेवायची. काकांच्या खिशात पेनासारखं थर्मामीटर असायचं. क्वालिटीचा माणूस, विश्वास ठेवणं त्याच्या नोकरीत बसत नाही. त्यांनी पाच संध्याकाळी ते टेबलाखाली लपवून प्रत्येक सुरई मोजली.

"एक डिग्रीच्या वर कधी चुकली नाही ती बाई," हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी खाली यायचा. "सहाव्या दिवशी मी पेन बॅगेत टाकलं. लाज वाटली. माझा आजा माडीच्या मडक्याला कान लावून सांगायचा, ही दुपारी प्या, ही संध्याकाळपर्यंत आंबणार. त्याला मी कधी काही विचारलं नाही. आणि मोजायला गेलो कुठे, तर जपानात."

रिटायर झाल्यावर ते काकूंना घेऊन ट्रॉयच्या त्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेले. गरम साके मागवली. आतून मायक्रोवेव्हची 'टिंग' ऐकू आली. काका उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. काकू सांगतात, "मी पर्स हातात घेतली. म्हटलं, आता पोलीस येणार." मालकीणबाई मिचिको-सान आधी संतापल्या. सुरया गरम करण्याचं काम त्यांचा नवरा करायचा. तो गेल्यावर त्यांच्याच्याने त्या भांड्यापुढे उभं राहवत नव्हतं, म्हणून मायक्रोवेव्ह. काकांनी माफी मागितली, शेगडीवर पाणी ठेवायची परवानगी मागितली आणि एक सुरई गरम करून त्यांना दिली. मिचिको-सान उभ्याउभ्याच प्यायल्या. पुढच्या गुरुवारी खुंटीवर एक जास्तीचा एप्रन टांगलेला होता.

हे सगळं मी येण्याच्या आधीचं. मी आले तेव्हा काकांचे पाय गेले होते. गेले म्हणजे होते जागेवर, पण डायबेटिसने तळवे बधिर केले होते. एके दिवशी ब्रेकवर पाय आहे असं समजून त्यांनी गाडी गॅरेजच्या दारात घातली. काकूंनी किल्ली काढून घेतली आणि माझ्या हातात दिली. गुरुवार, शुक्रवार मी घरून काम करत असे आणि शनिवारी सुट्टी, त्यामुळे तिन्ही दिवस साडेचारला मी काकांना सोडायचे. पुन्हा न्यायला येण्यापेक्षा तिथेच काउंटरच्या टोकाला लॅपटॉप उघडून बसायचे, समोर ग्रीन टी. दारू विकणाऱ्या जागेत आठवड्याला बारा तास. आईला फोनवर मी "काकांना कामावर सोडते" एवढंच सांगितलं.

डॉक्टरांकडेही मीच नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पायांत आहे, पुढेमागे हातांत येऊ शकतं, कधी ते सांगता येत नाही. कुणीही विचारलं असतं, उपाय काय? काकांनी विचारलं, "कुठल्या बोटापासून?"

त्या दिवसापासून घरातल्या तिघांनाही माहीत होतं की काकांची उरलेली सगळी मिळकत त्या दहा बोटांच्या टोकांवर आहे. मी इंटरनेटवरून चार पानं छापली. साखर, दारू आणि नसा यांबद्दल, ठळक मथळे देऊन. ती त्यांच्या उशीशी ठेवली. सवय जात नाही. सकाळी काका पानं परत घेऊन आले.

"वाचली. मुद्दे बरोबर आहेत. अक्षर बारीक आहे."

"मग?"

"मग काय? मी आठवड्याला सहा घोट घेतो, बाय. ते आता तीन करतो. पण गरम करायला प्यावी लागत नाही."

आणि त्यांनी खरंच तीन केले. मला त्यांचा रागच यायचा या बाबतीत. भांडायला गेलं की ते अर्धं मान्य करून टाकत.

एका शुक्रवारची गोष्ट सांगते. आमच्याच ओळखीतला निखिल, पुण्याचा, आयटीतला, चार मित्रांना घेऊन रेस्टॉरंटमध्ये आला. त्यांना साके-बॉम्ब हवा होता. म्हणजे बिअरच्या ग्लासवर दोन काड्या, काड्यांवर साकेचा छोटा पेला, टेबलावर मुठी आपटायच्या आणि पेला बिअरमध्ये पाडून गटागटा प्यायचं. बऱ्याच ठिकाणी मिळतो. काका पाच पेले घेऊन स्वतः टेबलाशी गेले.

"हातात धरा," म्हणाले.

"काका, बिअर कुठे आहे?"

"येते. आधी धरा. काय वाटतंय?"

"गरम आहे."

"गरम तर इंजिनपण असतं. नीट सांग. अंगाच्या उबेइतकं, का त्याच्या वर?"

निखिल हसला, पण पेला त्याने सोडला नाही. एक जण म्हणाला, आजारी असताना आई कपाळावर हात ठेवते तसं. दुसऱ्याने त्याला टपली मारली. मग पाचही जण प्यायले, आणि ते साधं गरम पाणी निघालं.

"यार काका, ये क्या है!"

"ही परीक्षा. पास झालात. आता साके आणतो, आणि मुठी आपटायच्या असतील तर पार्किंगमध्ये जाऊन आपटा. माझ्या पाण्यात लाटा येतात."

निखिल तेव्हापासून चेला झाला. रविवारी दुपारी काकांच्या स्वयंपाकघरात 'क्लास' भरू लागला. एकच बाटली, सहा सुरया, चटका सोडून सहा पायऱ्या, आणि काकूंच्या हातचं बांगड्याचं तिखलं. मी आधी जेवून वर जात असे. पुढे पुढे जिन्यात बसून ऐकू लागले.

आपल्या लोकांची दारू पिण्याची रीत काकांच्या डोक्यात जायची. आपल्याकडे आधी चकणा, मग दारू, मग जास्त दारू, आणि जेवण नंतर, ते काय होतं हे कुणाला आठवत नाही. पहिल्या रविवारी निखिलने येताना लसणाची शेव आणि तिखट शेंगदाणे आणले होते. काकांनी दोन्ही पुड्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "जीभ भाजून घेतलीस की तुला रॉकेल दिलं तरी कळणार नाही. बांगडा खा. घोट घे. मग पुन्हा बांगडा."

थंडगार सुरई पहिली. तिला फळासारखा वास असतो म्हणे, पेरचा वगैरे. बांगड्यापुढे तो वास पळून जातो. "ही पाहुणी आहे," काका म्हणत, "हिला काकडी द्या, बिनमसाल्याचं काहीतरी द्या." कोमटला साके गोड लागू लागते. आणि ऊन झाली, पंचेचाळीस डिग्रीच्या आसपास, की आतला तांदूळ वर येतो, आंबटपणा गोल होतो आणि बांगड्याचं तेल जिभेवरून धुऊन निघतं. तिरफळाची झणझण मात्र राहते. जपानी लोक माशावर जी पूड भुरभुरतात ती तिरफळाच्याच घरातली, हे सांगताना काका काकूंकडे असं बघत की जणू नातं त्यांनीच जुळवलंय. काकू म्हणत, "तिरफळ माझ्या आवशीन धाडलेला आसा. जपानातसून नाय इलेला." सोलकढीबरोबर मात्र साकेचं जमत नाही. दोन आंबट माणसं एका बाकावर बसवू नयेत, एवढंच काकांचं त्यावर म्हणणं. आणि भात वाढला की पेला पालथा. "जपान्यांचंही तसंच. भात आला की दारू संपली. तांदळावर तांदूळ कशाला?"

त्यातल्या एका रविवारी मी जिन्यातून बोलले. तिथल्या मराठी मंडळींपैकी एक डॉक्टरकाका आले होते, चाळीस वर्षं अमेरिकेत. ते म्हणाले, "साके वगैरे ठीक आहे, पण आमची आपली सिंगल माल्ट. तुमच्या कोकणातल्या त्या माडीसारखं नाही, की प्यायलं आणि गटारात पडलं." सगळे हसले. काकाही हसले. मी हसले नाही.

"स्कॉच पिऊन पडलेला माणूस गटारात नाही का पडत?" मी विचारलं. "का त्याला गालिचा असतो?"

"अगं, गंमत केली."

"तुमच्या ग्लासातली संस्कृती, आणि ज्यांनी झाडावर चढून काढली त्यांची घाण. आमच्या गावात बंदी झाली तेव्हा पहिला छापा मोहाच्या मडक्यांवर पडला. क्लबवर शेवटपर्यंत पडला नाही. मी सगळीच दारू बंद करा म्हणते. तुम्ही फक्त गरिबाची बंद करा म्हणता."

डॉक्टरकाका लवकर गेले. मला वाटलं काका रागावतील. पाहुण्याचा अपमान त्यांना खपत नसे. ते सुरया धूत होते.

"तुझ्या आईचं बरोबर आहे," पाठमोरेच म्हणाले. "बायकांनी तिथे जे सोसलंय ते मी नाही म्हणत नाही. माझ्या आज्याचंही चुकलं नव्हतं. दोघांचं बरोबर असलं की भांडायला मजा येत नाही, म्हणून तू चिडतेस."

"मी चिडत नाही. दमते."

"मीपण," म्हणाले, आणि सुरई पालथी घातली. ती कट्ट्यावर नीट टेकण्याआधीच हातातून सुटली. खाली पडून फुटली. काका हातांकडे बघत राहिले. तिच्यावरची पकड सुटल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. तिथून सुरुवात झाली. महिन्याभरात मधलं बोट. त्यांनी सांगितलं नाही, पण मला दिसत होतं. चहाचा कप आता दोन्ही हातांनी धरला जाई आणि निकाल यायला वेळ लागे. एकदा तर निकाल आलाच नाही. नुसते प्यायले आणि जीभ भाजली. रेस्टॉरंटमध्ये ते सुरई डाव्या हाताने काढू लागले. डाव्या हाताचा अंगठा अजून बोलत होता.

मग तोही गप्प झाला असावा. कारण एका गुरुवारी, काउंटर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या निळ्या पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. काकांनी सुरई पाण्यातून काढली, फडक्याने पुसली, पडद्याआड सरकले आणि ती गालाला लावली. डोळे मिटले. तोंड असं झालं की जणू कुणीतरी कानात काही सांगतंय. मग सुरई पुन्हा पुसून ट्रेमध्ये ठेवली. मिचिको-सान ती घेऊन सहा नंबरच्या टेबलावर गेल्या. त्या संध्याकाळी त्यांनी अकरा वेळा तसं केलं. प्रत्येक सुरई नेमकी असणार. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.

परतताना गाडीत मी गप्प बसू शकले नाही.

"काका, सुरई गालाला लावता तुम्ही."

"पाहिलंस?"

"पाहिलं. ती दुसऱ्याच्या तोंडाशी जाणार असते."

"पुसतो. आधी आणि नंतर."

"मिचिको-सानना माहीत आहे?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर फर्निचरची दुकानं आणि बर्फाचे मळके ढीग.

"मग सांगा त्यांना. नाहीतर हे खोटं आहे."

"तुला खोटं हा शब्द फार लवकर सापडतो, बाय."

पुढचा सिग्नल लाल होता. मी गाडी थांबवली. आज वाटतं, माझं म्हणणं खरं होतं. पण मी ते पत्रकासारखं त्यांच्या हातात कोंबलं. तो माणूस संध्याकाळभर उभा राहून दमला होता, एवढंही मी बघितलं नाही.

रविवारी क्लास भरला नाही. काकांनी निखिलला फोन करून कॅन्सल केलं आणि मला खाली बोलावलं. ओट्यावर दहा सुरया, साध्या पाण्याने भरलेल्या. त्यांचं ते जुनं पेनासारखं थर्मामीटर. एक वही.

"तू दारूला शिवत नाहीस, म्हणून पाणी घेतलंय," म्हणाले. "मी पाठ फिरवून बसतो. तू कुठल्याही क्रमाने गरम कर, काट्यावर वाच, लिही आणि मला दे. मी बोटांनी सांगतो. तू मला काही सांगायचं नाहीस, बरोबर की चूक."

पहिली सुरई त्रेपन्न होती. ती हातात धरून काका म्हणाले, "ऊन." दुसरी अडतीस. "ऊन." तिसरी साठीला पोचली होती, मला फडक्याशिवाय धरवत नव्हती. काकांनी ती तळाखाली बोटं घालून घेतली, नेहमीसारखी, आणि शांतपणे विचार करत राहिले. मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली. बोटांची टोकं लालबुंद झाली होती.

"थांबू या," मी म्हटलं.

"सात राहिल्यात."

सगळ्या दहा झाल्या. मग त्यांनी वही मागितली, चष्मा लावला आणि बरोबरच्या पुढे खूण करत गेले. दोन खुणा झाल्या.

"आता गालाने," म्हणाले. या वेळी पायरी नाही, थेट आकडे सांगितले. दहाच्या दहा बरोबर. एक डिग्रीही इकडेतिकडे नाही. काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग झाला तर. गालान करा. कोण बघता?"

"ही बघते," काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग मान हलवली. "नाही, हिचा प्रश्न नाही. घरात मी तुझ्या ताटातलं उचलून खातो, तू माझ्या. बाहेरच्याच्या सुरईला गाल? उष्टं नाही ते, पण उष्ट्याहून बरं नाही."

वहीचं पान त्यांनी फाडलं, घडी घातली. "प्लँटमध्ये मीटरची चाचणी व्हायची दर सहा महिन्यांनी. फेल झालं की त्याला लाल चिठ्ठी. लाइनवर ठेवायचं नाही, कितीही जुनं असलं तरी. मीच लावायचो त्या चिठ्ठ्या. लोक यायचे, मयेकर, एक आठवडा चालवून घे. मी कधी चालवून घेतलं नाही."

माझ्या सगळ्या घोषणांत या प्रसंगाला लागू पडेल अशी एकही नव्हती.

गुरुवारी रेस्टॉरंट उघडायच्या आधी त्यांनी मिचिको-सानना पान दाखवलं. गालाचंही सांगितलं, खाली मान घालून, जपानीत. मिचिको-सान ऐकत राहिल्या. मग मागे गेल्या आणि एक कोरं डिजिटल थर्मामीटर घेऊन आल्या, खोक्यासकट. ते त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं. त्यांना किती दिवसांपासून माहीत होतं, कुणास ठाऊक.

"मायेका-सान," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "हे वापरा. तुम्ही राहा."

काकांनी खोकं हातात घेतलं, मागचा मजकूर वाचला. "चांगला मेक आहे," म्हणाले. "पण तीस वर्षं काटा सांगेल ते मी लिहिलं. इथे काटा नव्हता, म्हणून मी आलो."

मिचिको-सान ओटा पुसू लागल्या. स्वच्छ होता तरी पुसत होत्या. पुसता पुसताच म्हणाल्या, "मग मला शिकवा. हात आहेत माझ्याकडे. नवरा गेल्यावर घाबरले. आता घाबरायला उशीर झालाय."

तीन आठवडे त्यांनी शिकवलं. नको म्हणालेलं थर्मामीटर शेवटी त्यांनीच हातात धरलं. मिचिको-सान सुरईचा तळ चाचपून आकडा सांगायच्या, काका थर्मामीटरवर बघून "वर" किंवा "खाली" म्हणायचे. पाण्यात सुरई उभी केल्यावर मनात किती आकडे मोजायचे, जाड मातीची असेल तर किती जास्त, पाऊण भरली असेल तर किती कमी, सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. एकदाही शाबासकी दिली नाही. तिसऱ्या आठवड्यात मिचिको-सान सलग आठ वेळा बरोबर आल्या, तेव्हा काकांनी एप्रन काढून खुंटीला लावला आणि मला म्हणाले, "चल, बाय. आज लवकर सुटलो."

त्याच महिन्यात ट्रॉयमधलं माझं प्रोजेक्ट बंद झालं. 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' अशी ईमेल पाठवणाऱ्यांनी एका सकाळी आम्हा अकरा जणांचे लॅपटॉप बंद केले. व्हिसाचे दिवस मोजत मी नोकरी शोधली. मिळाली ती अ‍ॅशबर्नला, व्हर्जिनियात, डेटा सेंटरमध्ये. निघायच्या आदल्या शुक्रवारी काकू म्हणाल्या, "तुझ्या निमतान भायर जेवया." आम्ही तिघं तिथेच गेलो. काकांनी टेबल नको म्हटलं. काउंटरला बसायचं म्हणाले, गिऱ्हाइकांच्या बाजूला. त्या बाजूने ते कधी बसले नसावेत. स्टूल किती उंच आहे हे त्यांना दोनदा बघावं लागलं.

मिचिको-साननी त्यांच्यासाठी एक सुरई गरम करून आणली. काकांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि सगळ्यांच्या देखत, काहीही न लपवता गालाला लावली. बराच वेळ.

"कशी आहे?" मिचिको-साननी विचारलं.

"तीन डिग्री कमी."

"परत गरम करते."

"नको. भाजलेला मासा अजून यायचाय. तोवर चालेल ही." त्यांनी एक पेला भरून मिचिको-सानपुढे सरकवला, दुसरा स्वतःला. काकूंनी माझ्याकडे बघितलं. दारू असलेल्या टेबलावर मी जेवत नाही, हे त्यांना माहीत होतं. मी वाटीतला भात खात होते.

सामान भरायचं राहिलं होतं, म्हणून मी आधी उठले. निखिल त्या दोघांना घरी सोडणार होता. काकूंनी मला जवळ घेतलं. काकांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर. आणि तिकडे कुणाशी लगेच भांडू नकोस. आठवडाभर थांब." मी कोट घालून दाराशी आले.

तेवढ्यात मागच्या एका टेबलावरून ऑर्डर आली: गरम साके, दोन. काका स्टुलावरून उठले. सरळ उठले, विचार न करता, आणि अर्धे उभे असतानाच थांबले. पुढे गेले नाहीत, खाली बसले नाहीत. दोन्ही तळवे काउंटरवर टेकवून तसेच राहिले. काउंटरपलीकडे मिचिको-साननी दोन सुरया पाण्यात उभ्या केल्या. मी दार धरून उभी होते, बाहेरचा गार वारा आत येत होता, आणि काकूंनी मला हाताने जा म्हणून खुणावलं. काकांची पाठ माझ्याकडे होती. समोरच्या बाटल्यांमागच्या आरशात त्यांचं तोंड दिसत होतं. ओठ हलत होते. ते आकडे मोजत होते.

मिचिको-सानचा हात पाण्यात गेला आणि सुरया वर आल्या. काकांचे ओठ आणखी दोन आकडे हलले. मग ते खाली बसले.